तिसऱ्या डब्याचा निकाल

मोठीमायच्या पोटातल्या गाठीचे दोन रिपोर्ट आले आणि ते एकमेकांशी जुळेनात. एकात लिहिलं होतं, ग्रंथींसारखी रचना करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, जठरात नेहमी सापडतो तोच. दुसऱ्यात लिहिलं होतं, ग्रंथी कुठेच दिसत नाहीत, बारीक आणि गर्द पेशी दाटीने बसल्या आहेत, जात वेगळी वाटते. पोट एक, गाठ एक, दुर्बिणीची तपासणी एकदाच झालेली, आणि निकाल दोन.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. उमरेडला त्यांचा हातमाग होता. मोठेबाबा चिरुट्याच्या साड्या विणायचे आणि ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. मूलबाळ नव्हतं. मोठेबाबा गेले, माग बंद पडला, तेव्हा ती नागपूरला आमच्याकडे राहायला आली आणि आमचीच झाली. केसपेपरवर तिचं वय बहात्तर लिहिलं ते मी सांगितलं म्हणून. खरं वय तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. अंदाजाचा आकडा लिहून द्यायला मला आवडत नाही, पण रकाना रिकामा चालणार नाही असं खिडकीवरचा माणूस म्हणाला.

आजाराची सुरुवात साधी होती. दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणायची. आम्हाला वाटलं, म्हातारपण. मग उलट्या सुरू झाल्या. दुपारच्या उलटीत आदल्या रात्रीचा भात तसाच्या तसा पडायचा. तेव्हा माझ्या बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे म्हातारपण नाही. मी मोठीमायला कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. दुकानदार हसला. "काय बाई, ज्वारीच्या भावात का तांदळाच्या?" ती म्हणाली, "कोंढ्याच्या भावात लाव बाप्पा, आत काई उरलंच नाई." काटा एकोणचाळीसवर थांबला. वर्षभरापूर्वी ती सेहेचाळीस किलो होती. हे सांगता येतं, कारण तेव्हाही मीच तिला त्या काट्यावर उभं केलं होतं, नुसतं गंमत म्हणून.

दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी गाठीचे तुकडे काढले, भाताच्या कणीएवढे. ते औषधात बुडवून दोन बाटल्या भरल्या. एक दवाखान्याच्या लॅबमध्ये ठेवली. तिथला रिपोर्ट उशिरा येतो म्हणून दुसरी माझ्या हातात दिली आणि बाहेरच्या लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगितली. त्या काळी हीच पद्धत होती, नातेवाइकाने बाटली न्यायची आणि रिपोर्ट आणायचा. शर्टच्या खिशात बाटली ठेवून मी स्कूटर चालवत गेलो. एरवी मी गाडी हळूच चालवतो. त्या दिवशी सायकलवालेही मला मागे टाकून जात होते.

सर्जनने दोन्ही रिपोर्ट समोरासमोर ठेवले. शांत, कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "पहिला खरा असेल तर ऑपरेशन करून जठराचा खालचा भाग काढावा लागेल. दुसरा खरा असेल तर आधी औषधं, किरणं, असा विचार करता येईल. पण यांचं वय आणि वजन पाहता, उघडायचं तर एकदाच. विनाकारण नको."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला, मोठीमायचं पोट फाडायचं की नाही. आणि त्याचं उत्तर दोन कागदांतला खरा कागद कोणता यावर अवलंबून होतं. निदान मला तसंच वाटत होतं.

उमरेडहून तिचा धाकटा भाऊ आला. मी त्यांना मामा म्हणतो. एसटीतून उतरून, हातात वड्यांची पिशवी घेऊन ते थेट घरी आले आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, "काय म्हनते डाक्टर?" मी दोन्ही रिपोर्ट समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली.

"एक डाक्टर एक सांगून राह्यला, दुसरा दुसरं सांगून राह्यला. म्हंजे कोनालेच काई मालूम नाई. मंग काहून फाडता गा म्हातारीचं पोट? मी तिले घरी घेऊन जातो. राहीन तेवढे दिवस म्हातारी माह्या दारात राहीन."

"मामा, दोघांपैकी एकाचं तरी बरोबर असणारच."

"असन. पन कोनाचं, थे तुले मालूम आहे का?"

मला माहीत नव्हतं. पण ते कसं काढायचं हे माहीत होतं, असं मी धरून चाललो. तो माझा रोजचा धंदाच होता.

मी कोळशाच्या नमुन्यांच्या कामात होतो. खाणीतून वॅगन भरून कोळसा निघाला की त्यात राख किती निघते यावर त्याची प्रत ठरते आणि प्रतीवर भाव. प्रत्येक वॅगनमधून ठिकठिकाणचा कोळसा काढायचा, फोडायचा, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. असं करत करत शेवटी पिठासारखी पूड उरते. तिचे तीन डबे भरायचे. एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. तिसऱ्या डब्यावर लाखेचं सील मारून तो कपाटात ठेवायचा. दोघांच्या तपासणीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला तर तिसरा डबा फोडायचा. त्याचा निकाल दोघांनी मान्य करायचा. मग एक पार्टी तोंड पाडून जाते आणि भांडण मिटतं. माझ्या नोकरीत मी असे कितीतरी डबे फुटताना पाहिले आणि त्या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास बसला होता.

तेव्हा मी सर्जनला विचारलं, तिसरा निकाल कोण देईल? त्यांनी रामदासपेठेतल्या एका वयस्कर पॅथॉलॉजिस्टांचं नाव सांगितलं. आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले, घरीच सूक्ष्मदर्शक घेऊन बसायचे. मी दोन्ही लॅबमधून काचेच्या पट्ट्या आणि ते तुकडे ज्यांत बसवलेले असतात ते मेणाचे ठोकळे सही करून घेतले आणि रुमालात गुंडाळून त्यांच्याकडे पोहोचवले.

त्यांनी दोन दिवसांनी बोलावलं. बाहेरच्या खोलीत टेबल, खिडकीकडे तोंड करून सूक्ष्मदर्शक, बाजूला अर्धी सोललेली संत्री. मी जाऊन बसलो आणि आपली पद्धत सांगून टाकली, की आमच्याकडे तिसरा डबा फोडतात तसा हा तुमचा निकाल आम्ही धरणार आहोत. त्यांना ते आवडलं. कोळशाबद्दल त्यांनी बरेच प्रश्न विचारले.

मग म्हणाले, "तुमच्या तिसऱ्या डब्याचा निकाल असा आहे की दोघंही बरोबर आहेत."

मला वाटलं, ते कोणाला दुखवायला नको म्हणून बोलताहेत. तसं मी बोललोही.

"नाही हो. या पट्टीवर पहिल्याने जे लिहिलं तेच आहे. त्या पट्टीवर दुसऱ्याने लिहिलं ते आहे. गाठच दोन जातींची आहे. तुमचे डबे तीन असले तरी पूड एकच असते ना, आधी नीट मिसळून घेतलेली? इथे मिसळलंय कुणी? चिमट्यात जिथला तुकडा आला तिथला आला."

वॅगनच्या एका कोपऱ्यातून उचललेला कोळसा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून उचललेला कोळसा सारखा नसतो, म्हणूनच तर आम्ही मिसळतो. हे मला शिकवायची गरज नव्हती. पण माणसाच्या पोटातली गाठ म्हणजे आजवर मी एकच वस्तू धरली होती, गोटीसारखी, आतबाहेर एकच.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. एका पट्टीवर गुलाबी रंगात वाकडीतिकडी कडी होती, एकमेकांना चिकटलेली. दुसरीवर कडी नव्हतीच, नुसते गर्द निळे ठिपके, बाजरी सांडल्यासारखे. "असं क्वचित सापडतं," ते म्हणाले. "आणि दोघांत ही निळी जास्त वाईट."

मी विचारलं, अशा किती रोग्यांना ऑपरेशनने फायदा होतो, टक्केवारी काय? ते म्हणाले, "इतक्या वर्षांत अशा गाठी मी बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. त्यावरून टक्केवारी सांगितली तर तुम्हीच मला हसाल."

खरं होतं. आमच्याकडे तेवढ्या नमुन्यांवरून कोणी निष्कर्ष काढला असता तर मी कागद परत पाठवला असता. पण घरी परत जाताना माझ्या हातात काहीच नव्हतं. ज्या कागदावर फाडायचं की नाही हे ठरणार होतं तो कागद दोन्हीकडे हो म्हणत होता.

घरी मामा वाट पाहत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "बस. म्हंजे दोन बिमाऱ्या. एक असती तर लढली असती म्हातारी." आणि त्यांनी कोपऱ्यातून मोठीमायची पेटी ओढली, कपडे भरायला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "पेटी भरण्याआधी जिची आहे तिला विचारा की."

आतापर्यंत कोणीही विचारलं नव्हतं. "गाठ आहे" एवढं मी सांगितलं होतं. पुढे तिने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती आणि सगळं ऐकत होती. आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात कोणापासून काही लपत नाही.

"कवापासून पाहून राह्यली मी," ती म्हणाली, "माह्या पोटाचे तुकडे या दुकानातून त्या दुकानात फिरून राह्यले. काय निंगालं थे तर सांग."

मी तिला सांगितलं. जसं होतं तसं. गाठ कॅन्सरची आहे, दोन जातींची आहे, असं फार कमी वेळा होतं, पुढे काय होईल याचा आकडा कोणाकडेच नाही. मामा मान खाली घालून बसले. कॅन्सर हा शब्द त्यांनी आजवर तोंडातून काढला नव्हता आणि मी तिच्यासमोर काढला याचा त्यांना राग आला होता.

तिने विचारलं, "फाडलं तं जेवता येईन का?"

हा प्रश्न मी सर्जनला विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारला. ते म्हणाले, "हो. थोडं थोडं, पण खाली उतरेल. जठराचं तोंड बंद होत आलंय. जात कोणतीही असो, नाही केलं तर काही आठवड्यांत पाणीही उतरणार नाही. औषधांनी ते तोंड वेळेत मोकळं होण्याची आशा मी आता धरणार नाही. टेबलावर जीव जाण्याचा धोका आहे, तोही सांगा."

मी दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "मंग एवढा घोर कायचा करून राह्यले तुमी? दोन जाती असो का चार. भात खाली उतरून नाई राह्यला, हे तं एकच आहे ना?" आणि भावाकडे वळून, "तू काहून तोंड पाडून बसला गा? पेटी ठेव जाग्यावर. चिरुट्याची साडी वर ठेवली का तळाशी घातली? चुरगळली असन तर तूच इस्त्री करशीन."

मामांनी पेटी परत कोपऱ्यात सरकवली. दवाखान्यात संमतीच्या कागदावर अंगठा तिनेच दिला. बाजूला सही माझी आणि मामांची.

ऑपरेशन थंडीत झालं. त्या आधी तिला रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या, त्यातली एक माझी, एक मामांची. मामा सगळ्यांना सांगत फिरले की त्यांच्या रक्तानेच बहीण टेबलावर टिकली. मी वाद घातला नाही. काढलेला भाग रामदासपेठेतच गेला. त्या वृद्ध डॉक्टरांनी तो आडवा उभा कापून, ठिकठिकाणचे तुकडे घेऊन पाहिला, आणि मला पुन्हा बोलावून एक पट्टी दाखवली. एका बाजूला गुलाबी कडी, दुसऱ्या बाजूला निळी बाजरी, आणि मध्ये एक पट्टा जिथे दोन्ही एकमेकांत शिरले होते. कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते ते मला सांगता येईना. जवळच्या एका छोट्या गाठीत मात्र फक्त निळी पोहोचली होती. हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं आणि मी विचारलं नाही तरी त्याचा अर्थही सांगितला, की पुढे पसरेल ती निळीच.

ती पट्टी विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विचारून सांगतो. मोठीमाय तेव्हा घरी आली होती, ऊन खात ओसरीवर बसली होती. मी विचारलं तर पोटावर हात धरून हसली, टाके दुखू नयेत म्हणून.

"मी जन्मात शाळेची पायरी नाई चढली. माह्यं पोट चाललं कालेजात! ठेव म्हनाव. पन नीट शिकवा म्हनाव."

जेवणाचा तिचा हिशेब बदलला. दिवसातून सहा वेळा, वाटीच्या तळाला लागेल एवढं. सुरुवातीला पेज, मग मऊ भात, मग वरण-भात. जास्त झालं की घाम यायचा, छातीत धडधडायचं, मग आडवी पडायची. पण खाली उतरायचं. एके दिवशी तिने बायकोला गोळाभात करायला सांगितला. डाळीच्या गोळ्यांचं तिखट तिला सोसेल का, मला खात्री नव्हती. सर्जनला विचारायला गेलो तर म्हणाले, "चव घेऊ द्या हो." तिने अर्धा गोळा भातात कुस्करून खाल्ला, डोळे मिटून.

"कसा झाला?" बायकोने विचारलं.

"गोळे टणक झाले वं. डाळ जाड भरडून टाकली तू." मग वाटी पुढे करून, "अजून अर्धा दे."

काट्यावर ती बेचाळीसपर्यंत चढली. त्यावर गेली नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला तिचे डोळे पिवळे दिसू लागले. पोटाच्या उजव्या बाजूला हाताला टणक लागायचं. यकृतातला तुकडा सुईने काढून तपासायला दिला. वृद्ध डॉक्टरांनीच पाहिलं. यावेळी दोन निकाल आले नाहीत. फक्त निळीच होती.

सर्जन म्हणाले, आता चाकूचं काम नाही. इंजेक्शनं आहेत, मुंबईला नेऊन घेता येतील, या जातीवर काही वेळा उपयोग होतो. किती वेळा, हे मी विचारलं नाही. विचारायचा होता तो प्रश्न मला आता माहीत होता. तो मी तिथेच विचारला. ते म्हणाले, इंजेक्शनं चालू असतील तेवढे दिवस तोंडाची चव जाईल, उलट्या होतील, केस जातील.

घरी येऊन तिला सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

"म्हंजे जेवता नाई येईन."

"तेवढे दिवस नाही."

"मंग नोको."

मी म्हटलं, विचार कर, घाई नाही. ती म्हणाली, "विचार केला नाई का म्या? मांगच्या वख्ती फाड म्हनली होती. तवा फाडून जेवता येनार होतं म्हनून. आता नोको म्हनते थे बी त्याच्यासाठीच. तुले यात काय समजून नाई राह्यलं गा?"

समजलं होतं. तरी मी रात्रभर मनात उलटसुलट केलं. आकडा असता तर कदाचित मी तिच्याशी वाद घातला असता. नव्हता, आणि असता तरी तो तिच्या प्रश्नाचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता, एवढं मला पटलं. सकाळी ती म्हणाली, भावाला बोलाव, मला उमरेडला जायचं आहे.

मामा आले. यावेळी पेटी त्यांनी भरली नाही, ती स्वतः सांगत गेली आणि बायकोने भरली. चिरुट्याची साडी सगळ्यात वर. एसटीत धक्के बसतील म्हणून मी एक जीप ठरवली होती. मामा पुढे बसले आणि ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा आधीच सांगत होते, "हळू घे बाप्पा, पोट शिवलेलं आहे," जणू टाके कालच पडले होते.

मी दर रविवारी जायचो. मामांच्या घरीही पूर्वी माग होता, त्या जागी आता धान्याची पोती होती, पण भिंतीला लागून कांड्यांचा चरखा अजून होता. दुपारी ती त्याच्याजवळ बसलेली असायची, काही न करता. शेवटच्या एका रविवारी मी आणि मामा ओसरीवर बसलो होतो. आत मामी पानं वाढत होत्या. मामांनी मला हळूच विचारलं, कारण हे त्यांच्या मनात वर्षभर राहिलं असावं.

"मंग गा, थे दोन कागद होते. कोनता खरा निंगाला शेवटी?"

"दोन्ही, मामा."

"तुमच्या कोळशात होते का असं?"

"नाही. आमच्यात एक जण हरतो."

ते आणखी काही विचारणार होते. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण आम्हा दोघांनाही नीट ऐकू आला.

"बोलनं मंग करजा. भात थंडा होऊन राह्यला. मी दोन घास खाल्ले, आता तुमी बसा."